चाकांची चौकट कुणाची

माझ्या मावशीने एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांतले नाजूक काटे. कारखान्यात तिला सगळे काटेबाई म्हणत, आणि ते नाव नुसतं कामावरून पडलेलं नव्हतं. कुणी "साधारण बरोबर आहे" म्हणालं की ती वस्तू परत त्याच्यापुढे सरकवायची. "साधारण म्हणजे चूक," एवढंच म्हणायची.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पोस्टात होते. गोड बोलणारे, चारचौघांत रमणारे. निवृत्त झाल्यावर त्यांना छोट्या वाफेच्या इंजिनांचं वेड लागलं. खेळण्यातली नव्हेत, खरोखर कोळसा जाळून रुळांवर धावणारी, हातभर लांबीची इंजिनं. शहरात अशा हौशी लोकांचा एक क्लब होता. काकांनी मागच्या खोलीत लेथ बसवला आणि तीन वर्षं खपून पहिलं इंजिन उभं केलं.

ते लंगडत होतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा अडायचं, हिसका द्यायचं, पुढे जायचं. काकांनी काय केलं, तर चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची भोकं कानशीने मोठी केली. इंजिन चालायला लागलं, पण पत्र्याचा डबा रस्त्यावरून ओढत न्यावा तसं खडखडत.

मावशी तेव्हा दारात भाजी निवडत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली.

"भोक मोठं करून चूक कमी होत नाही," ती म्हणाली, "लपते फक्त."

मग ती आत आली आणि एकेक चाक बोटाने फिरवून बघत बसली. अशा इंजिनात एका आसावर दोन चाकं असतात. डाव्या चाकाची खिळी, म्हणजे दांडा अडकवायचा खुंट, वर असेल, तर उजव्याची बाजूला हवी, बरोबर काटकोनात. तीन आस असले तर तिन्हींचा कोन एकसारखा हवा, नाहीतर दांडे अडतात. काकांनी चाकं नजरेने जुळवून लाकडी हातोडीने ठोकली होती. दोन तर आसावर तिरकी बसली होती.

मावशीने दोन महिने खपून एक चौकट बनवली. खाली पोलादाचा जाड पाट. त्यावर दोन खांब, त्यांच्या खाचांत आस आडवा बसायचा. एका टोकाला चाकाची खिळी टेकायला वर थांबा, दुसऱ्या टोकाला बाजूला थांबा. दोन्हीकडून मोठे स्क्रू. फिरवले की चाक आसावर सरळ दाबलं जायचं, केसभरही कलायचं नाही. दोन चाकांमधलं अंतर बरोबर यावं म्हणून मधे पितळेचा ठोकळा.

एका दुपारी तिने तिन्ही आस पुन्हा जोडले. काकांनी नवे दांडे चढवले, ते बोटाने बसले. इंजिन एका काचेवर ठेवून काच जराशी कलती केली, तर ते आपलं आपण, आवाज न करता घरंगळत खाली आलं. काका हरखून गेले. मावशीने हात पुसले आणि राहिलेली भाजी निवडायला घेतली.

पुढचं सगळं क्लबात घडलं, आणि मावशी क्लबात जात नसे. काका चौकट फडक्यात गुंडाळून न्यायचे, इतरांची चाकं बसवून द्यायचे. आधी ते "आमच्या घरची चौकट" म्हणत असतील, असं मी धरून चालते. वार्षिक प्रदर्शनापर्यंत ती "माझी" झाली होती.

प्रदर्शनाला मीच मावशीला घेऊन गेले. मधल्या टेबलावर चौकट मांडलेली. पुढे कार्ड होतं: रचना आणि निर्मिती, खाली काकांचं नाव. शेजारी चषक. मावशीने ते कार्ड दोनदा वाचलं. माझा दंड तिच्या बोटांत होता, तो दुखायला लागला.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या, खऱ्या इंजिनांच्या ड्रायव्हरने काकांना विचारलं, "नव्वद अंश इतके बिनचूक मोजलेत कसे?"

"फार काळजीपूर्वक," काका म्हणाले.

"मोजलेच नाहीत," मावशी मागून म्हणाली. माणसं वळली. "मोजायची गरजच नाही. कोन एकोणनव्वद आला तरी चालतं. तिन्ही आसांना तोच यायला हवा, आणि एकाच चौकटीत बसवले की तो येतोच."

ड्रायव्हर तिच्याकडे बघून सावकाश मान हलवायला लागला. काका हसले. "ही आमची मंडळी. घरी मला मदत करते."

मावशी टेबलापाशी गेली आणि तिने चौकट उचलून पिशवीत घातली. चषकाला हात लावला नाही.

क्लबाचे अध्यक्ष लगबगीने आले. "बाई, प्रदर्शन संपेपर्यंत काही हलवायचं नाही, असा नियम आहे."

"माझी वस्तू माझं नाव न विचारता मांडायची, हाही नियमच असेल," मावशी म्हणाली, आणि आम्ही निघालो.

घरी काकांचा आवाज चढला. "तुला कुठे हौस आहे? तू तिथे येतही नाहीस. एका कार्डाने तुझं काय बिघडलं?"

"एकतीस वर्षं मी दुरुस्त केलेल्या काट्यांवर मालकाचा शिक्का बसला," मावशी म्हणाली. "तो मालक होता, मला पगार द्यायचा. तुम्ही कोण?"

चौकट कपाटात गेली, किल्ली मावशीच्या कमरेला. काकांनी दुसऱ्या इंजिनाचं चाक व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरून आसावर दाबून पाहिलं. बिडाचं चाक, ते तडकलं. तरीही महिनाभर त्यांनी किल्ली मागितली नाही. नातेवाईक मात्र मावशीलाच समजावत होते, की या वयात एवढं ताणू नये. काकांना एकानेही काही सांगितलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

मग अध्यक्ष घरी आले. आठ जणांची इंजिनं अडली होती. "क्लबाच्या पत्रिकेत छापतो," ते म्हणाले, "पत्नीच्या सहकार्याने, असं."

"सहकार्य त्यांनी केलं," मावशी म्हणाली. "चुका त्यांनी पुरवल्या."

अध्यक्षांना हसू आवरलं नाही. दारात उभ्या काकांचा चेहरा उतरला.

"छापू नका," मावशी पुढे म्हणाली. "ते जिथे बोलले, तिथेच बोलू देत."

काका पुढच्या दोन सभांना गेलेच नाहीत. तिसऱ्या सभेला गेले, मावशीला सांगून गेले, म्हणून आम्हीही गेलो. ते उभे राहिले. चौकट बायकोने बनवली, कल्पनाही तिची, मी तिला एक स्क्रूसुद्धा कापून दिला नाही, असं म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला येत नव्हतं. तरी मी दिलं." आणि खाली बसले.

परतताना त्यांनी विचारलं, "आता राग गेला ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "पण बोललात ते बरोबर बोललात."

आता ती दर रविवारी क्लबात जाते. खिडकीजवळचं टेबल तिचं आहे. लोक चाकं घेऊन येतात, ती बसवून देते, कुणी साधारण म्हणालं तर परत पाठवते. काकाही आपली चाकं घेऊन रांगेत उभे राहतात. नंबर आल्याशिवाय ती त्यांच्याकडे बघत नाही.