सातवी नळी

पुलांच्या कामावर त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. काम एकच. पोलादी नळ्यांत भरलेलं काँक्रीट वाळलं, की हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. भरीव नळी 'ठप्प' बोलते, आत पोकळी राहिली की 'टण्ण'. वीस वर्षांत त्याचा कान चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला माजही होता, खोटं कशाला बोला!

मग नदीवरचा पूल आला. कमानीचं वजन कमी राहावं म्हणून नळ्यांत हलकं काँक्रीट भरलं होतं. ते भरीव असूनही आवाज जरा पोकळच देतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळीच त्यानं तीन नळ्या नापास केल्या. साहेबांनी भोकं पाडून बघितलं, तर तिन्ही ठासून भरलेल्या! "ठोक्या, कान धुऊन ये रे बाबा," साहेब म्हणाले, आणि अख्खी साइट खो खो हसली.

दुपारी सातवी नळी. कमानीच्या माथ्याजवळ हातोडी पडली आणि आवाज आला तो अगदी निराळा, खणखणीत टण्ण. पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. खाली कुणीतरी आधीच हसायला लागलं होतं. त्यानं खडूनं 'पास'ची खूण केली आणि शिडी उतरला.

झालं! त्या आवाजानं त्याची पाठ धरली ती धरलीच. दार लोटलं, डबा आपटला, की टण्ण. जेवता जेवता तो भिंत ठोकून बघायचा. "अहो, घर पाडताय का आता?" बायको कावायची. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, पण जीभ रेटत नव्हती. आणि जितका उशीर, तितकं सांगणं अवघड.

लेकीला नदीपलीकडचं स्थळ आलं, तेव्हा "मुलगा बुटका आहे" म्हणून त्यानं मोडता घालून पाहिला. कोण ऐकतंय! लग्नानंतर ती रोज पूल ओलांडून अलीकडे कामाला यायची. संध्याकाळी तो तिला पुलापर्यंत सोडायचा, हात हलवायचा, आणि ती घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

पुलाला अकरावं वर्ष लागलं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, सोमवारपासून बाळालाही पुलावरून घेऊन येईन, तुमच्याकडे ठेवून कामाला जाईन."

सोमवारी साहेबांचं ऑफिस उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. साहेबांचे केस पांढरे झाले होते. त्यानं सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. तासाभरात पूल बंद झाला आणि सातव्या नळीला ड्रिल लागलं. पत्रा भेदल्याबरोबर ते एकदम आत गेलं. भोकातून घातलेली तार हातभर शिरली.

"भरून घेऊ," साहेब म्हणाले. "तुझा कान तेव्हाही खरा होता, ठोक्या."

अकरा वर्षं हेच ऐकायला तो तळमळला होता. तो वळला. वाहनं अडवलेली, त्यांतून वाट काढत लेक चालत आली होती, बाळ कडेवर. साहेबांचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं मान डोलावली.

"मी रोज जात होते ना हो इथून. आणि तुम्ही हात हलवत उभे असायचात."