चुन्याचं दार

आमचे साहेब पुण्यात आर्किटेक्ट होते. मी त्यांच्याकडे नकाशे ट्रेस करायचो. शाळा सातवीत सुटलेली, गाव पार चांद्याकडलं. साहेबांनी ठेवून घेतलं हे उपकार मी रोज सकाळी टेबल पुसताना आठवायचो. तेव्हा गावोगाव पंचायतीला पक्की कचेरी हवी होती, पण आमच्याकडे काम एकच आलेलं, दौंड तालुक्यातल्या एका गावाचं. साहेबांनी सरळ सांगितलं, "हे जमलं तर राहा. नाही जमलं तर गावी जा."

साहेब आणि मी यवतला एसटीतून उतरून त्या गावी गेलो. कागद पाहून पंचांना काही उमगेना, म्हणून साहेबांनी जागेवरच चुन्याच्या फक्कीनं पूर्ण मापाची इमारत आखून घेतली.

"इंजिनियरसाहेब, बांधनार तुमीच का?" एका पंचानं विचारलं.

"मी आर्किटेक्ट. बांधेल गवंडी."

"मग तुमी काय करनार?"

"कुठं काय असावं ते ठरवणार."

"आमच्या गावात त्येच कुनाला ठरवता येत न्हाई. या, बसा."

सगळ्यांनी चुन्याच्या दाराशी वहाणा काढल्या आणि एकेक करून आत गेले. भिंतीवरून कुणी पाय टाकला नाही. वरच्या आळीचे पंच आबा तेवढे बाहेर उन्हात उभे राहिले.

"आबा, आत या की," साहेब म्हणाले.

"कुठनं येऊ? दार खालच्या आळीकडं. त्यांच्या दारानं जाऊ व्हय?"

आतून खालच्या आळीचे आप्पा म्हणाले, "भिंतीवरनं उडी मारा की आबा. वय हाय अजून!"

आबांनी पाठ फिरवली. त्यांच्याशिवाय कचेरीचा ठराव होणार नव्हता. चांद्याला जाताना कुठं गाडी बदलायची, ते मी आठवू लागलो.

साहेबांनी आबांच्या बाजूची भिंत न्याहाळली. मला म्हणाले, "इथं साडेतीन फूट पूस."

मी पायानं भिंत पुसली. घाबरून जरा जास्तच पुसली गेली. साहेबांनी ती रुंदी तशीच ठेवली.

आबांनी वहाणा काढल्या. अंगानं उंच, म्हणून दारात सवयीनं वाकले. आत येऊन आप्पांकडे पाठ करून बसले. ठराव झाला.

आर्किटेक्टचा समाजाला उपयोग काय, यावर पुढे मी बरीच भाषणं ऐकली. त्यांत वहाणांचा विषय निघाला नाही.

परतीच्या एसटीत साहेबांनी जुना नकाशा मांडीवर उलगडला. मग म्हणाले, "दोन दारं म्हणजे सगळंच बदललं. उद्या नवा नकाशा ट्रेसिंगला घे."

"हो साहेब," मी म्हणालो, आणि यवतपासून घट्ट धरलेला पुढच्या सीटचा दांडा सोडला.