विमलबाईंच्या स्वयंपाकघराचं कुलूप

लोधिवलीत विमलबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेला असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा चार घास खाऊ घातल्याशिवाय ही बाई सोडत नसे. आणि त्याच बाईने स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं, तेही सख्ख्या नातीच्या भीतीने. आता बोला!

नात समीक्षा, पहिलीतली. ताट चाटूनपुसून संपवायची आणि परत पुढे करायची. नाही दिलं की गडाबडा लोळायची. एकदा तर कच्चे तांदूळ मुठीने खाताना सापडली. अंग असं सुटलेलं की दोन पावलं चालली तरी धाप लागे. विमलबाईंनी खापर सुनेवर फोडलं. नम्रताने लाडावून ठेवलीय, असं अख्ख्या आळीत सांगत सुटल्या. कुंभिवलीच्या कंपनीत दिवसभर पॅकिंग करून आलेली नम्रता ऐकून घ्यायची.

शेवटी खालापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. रक्ताच्या नाना तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून विमलबाईंचं डोकं पार गरगरलं. म्हणे अंगावरची चरबीच एक हार्मोन सोडते, लेप्टिन नावाचं. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं, तिथल्या पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याच्यासाठीच ठरलेल्या जागेला, चिकटतं, तेव्हा मेंदूला कळतं की साठा भरपूर आहे, आता पुरे. समीक्षाचे रिसेप्टरच जन्मापासून बिघडलेले. एवढी चरबी असून तिच्या मेंदूला वाटतं, पोर उपासमारीने मरायला टेकलीय. मग तो भूक पेटवतो आणि अंगातली ताकद जपून खर्चतो.

विमलबाईंना हे काही केल्या जुळेना. चरबीच सांगते खाऊ नको? मग ते लेप्टिन बाहेरून टोचा की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात ते भरपूर आहे, चिकटायला जागाच धड नाही. वेगळं औषध मिळणं सोपं नाही, तोवर मापून जेवायला द्या. मग त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले का? विमलबाई ताठ बसल्या. भावाची लेक हट्टाने सून करून आणली होती, भाऊ नको म्हणत असताना. घराण्यातला एकच दोष दोन्हीकडून आला की असं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं.

परतीच्या एसटीत नम्रता एवढंच म्हणाली, "आत्या, मी नव्हतं लाडावलं तिला." विमलबाईंना तिच्याकडे बघणंही जमेना.

घरी आल्यावर कमरेची किल्ली काढली, परत खोचली. पोरीचा दोष नाही तर कुलूप कशाला? आणि कुलूप काढलं तर पोरीचं काय? दोन्ही खरं कसं असू शकतं, हेच त्यांना समजेना.

रात्री जेवताना समीक्षाने विचारलं, "आजी, पोट भरलं हे तुला कसं कळतं गं?"

विमलबाईंचा घास हातातच राहिला. जन्मभर गावाला जेवू घातलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आपोआप हात थांबतो. कसा थांबतो, देव जाणे.

"तू माझ्या हाताकडं बघ, बाय. त्यो थांबला की तू थांब."

आता दोघी एकाच ताटात जेवतात. समीक्षाचं माप संपलं की विमलबाई हात धुतात. पोरगी कधी धुते, कधी रडते. किल्ली कमरेलाच असते, आणि दोघीही भुकेल्याच उठतात.