नखातला दाणा

पौष अमावास्या, मंगळवार. सकाळपासून मी मागच्या दारी बसून गोवऱ्यांची राख धोतराच्या फडक्यातून गाळत होते. अंगाऱ्याची राख बारीक लागते. खडा लागला की लोकांना चूल आठवते. दुपारी मला देवीच्या गादीवर बसवणार होते. त्यानंतर गावानं आपली दुखणी माझ्याकडं आणायची, तशी मोकळीक मला मिळणार होती.

ती देणारी म्हातारी विट्याच्या पलीकडच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दोन वर्षं दर अमावास्येला मी गावातून कराड गाठून पुढं एसटीनं तिच्याकडं जात होते. त्याच्या आधी आळीतल्या आरतीत माझ्या अंगात एकदा वारं आलं होतं. ते खरं होतं, एवढं मी आजही म्हणते. नंतरच्या वाऱ्यांचं विचारू नका. ज्या घरात वीस वर्षं मला चहा सगळ्यांच्या शेवटी मिळत होता, तिथं पहिला कप माझ्यापुढं येऊ लागला. सासूबाई ‘अगं’वरून ‘अहो’वर आल्या. मला ते आवडलं, आणि पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

म्हातारीनं फार काही शिकवलं नाही. उपास, नैवेद्य आणि दाणे बघणं. आजारी माणसानं सुपातली चिमूटभर ज्वारी उचलून द्यायची, आपण दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. एक दाणा उरला तर दुखणं बाहेरचं, म्हणजे कुणी केलेलं. काहीच उरलं नाही तर दवाखान्याचं. म्हातारी कितीतरी जणांना सरळ दवाखान्याची वाट दाखवायची. “दाणा खोटं बोलत न्हाई,” ती म्हणायची. “बोलतो ते आपुन.”

दुपारी तिनं माझ्या कपाळाला हळद फासली, मनगटात दोरा बांधला आणि मला घोंगडीवर बसवलं. पडवी बायकांनी भरली होती. पहिली आली दोन घरं सोडून राहणारी सून. आठवा महिना. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे येत होते. आरोग्य केंद्राकडून घरोघर फिरणाऱ्या आशाताईनं बीपी बघून ताबडतोब कराडला न्यायला सांगितलं होतं. तिची सासू म्हणाली होती, आधी देवाचं बघू.

पोरीनं दाणे दिले. मी जोड्या लावल्या. नऊ जोड्या, उरलं काही नाही.

बायका मान पुढं करून बघत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, “ह्ये तर आशाताईनं फुकटात सांगितलं हुतं की गं!” दोघी-तिघी फिसकन हसल्या. सुपातला एक दाणा माझ्या अंगठ्याच्या नखात अडकला होता. मी हात फिरवला आणि तो खाली पाडला. हसू थांबलं. मी म्हणाले, “बाहेरचं हाय. पाच मंगळवार उंबऱ्याभाईर पाऊल टाकायचं न्हाई.”

पाच मंगळवार म्हणजे बाळंतपण तोंडावर, हा हिशेब मी केलाच नव्हता. शोभेल असा आकडा तोंडात आला, बोलून गेले. सासूनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरीला घरी नेलं.

नंतर हात धुताना म्हातारी शेजारी आली. “नखात व्हता का गं?”

मी तांब्या खाली ठेवला.

“आता तुझं तूच निस्तर,” ती म्हणाली आणि पाचच्या एसटीला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्या घरी गेले. सासू अंगण झाडत होती. मी आडवळण घेतलं नाही. “वैनी, दाणे सम आलते. एक मी टाकला. पोरीला कराडला न्या.”

ती खराटा टेकवून हसली. “आवं, देवी पारख करतीय आमची. काल देवी बोलली. आज तुमी बोलताय.”

“मी खोटं बोलले म्हणतीय की!”

“आसू द्या वो. च्या घ्या.”

आतून पोरीच्या ओकण्याचा आवाज आला. मी अंबाडा सोडला, डोळे फिरवले आणि त्या अंगणात घुमायला लागले. वारं नव्हतं, काही नव्हतं. गार फरशी पायाला लागत होती आणि शेजारचा दात घासत बघत होता, ते मला दिसत होतं. “गाडी काढा!” मी ओरडले. “आत्ताच्या आत्ता कराड!”

दहा मिनिटांत गाडी निघाली. मागच्या सीटवर मी पोरीशेजारी बसले. तिनं कानाशी विचारलं, “काकी, खरं हुतं का नाटक?”

“नाटक. पाय वर घे.”

“आन् कालचं?”

“ते बी.”

तिनं पाय वर घेतले आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळून बीपी बघितलं, तिला स्ट्रेचरवर घ्यायला लावलं आणि सासूवर तडकल्या, “काल का आणलं नाही?”

“काल देवीची आज्ञा न्हवती, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कपाळाकडं बघितलं. हळद अजून तशीच होती. मी पोरीचं आधार कार्ड घेतलं आणि केसपेपरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.