वाल सोलायला वेळ असलेला माणूस

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगला निघाले होते. जानेवारीतली सकाळ, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ पडत होता. त्याने मुलांना शाळेत सोडलं, शाळेची बस डेपोत आणून लावली, किल्ली जागेवर टांगली आणि तिथेच कोसळला. "मुलं सगळी पोचली होती गं," स्वाती, त्याची बायको, फोनवर दोनदा म्हणाली... त्याला आता सहा आठवडे झाले.

मिलिंद आणि मी पुण्याहून एकाच वर्षी, एकाच कंपनीत आलो. पुढे मी मॅनेजर झाले, माझा नवरा डायरेक्टर, आम्ही दोनदा घर बदललं. मिलिंदची नोकरी गेली. तात्पुरतं म्हणून तो शाळेची बस चालवायला लागला. ग्रीन कार्ड होतं, अनुभव होता, वर्षभरात टेक्सासमधल्या शुगर लँडहून चांगली ऑफरही आली. तो नाही म्हणाला. मी त्याला वेड्यात काढलं, तेव्हा म्हणाला, "अंजू, दोन फेऱ्यांच्या मधली अख्खी दुपार माझी असते. तुझ्या डायरेक्टरला मिळते का?" सगळं सोपं होतं असं नाही. मुलीच्या कॉलेजच्या काळात तो उन्हाळाभर गोदामात सामान उचलायचा आणि पाठ धरली की आमच्यासमोर हसून बसायचा. पण एखाद्याच्या नव्या घराची टूर निघाली की हा सर्वांत पुढे. टाइल्स कुठून आणल्या, बेसमेंट कोणी करून दिलं, सगळं मन लावून विचारायचा. त्याला ते खरंच आवडायचं. हेवा नाही आणि टोमणाही नाही, हे मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.

आमचा नऊ कुटुंबांचा ग्रुप दर महिन्याला पॉटलक करतो. कोणी काय आणायचं त्याची यादी मी ठेवते. तो बस चालवायला लागल्यावर पुढच्या यादीत मी त्यांच्या नावापुढे 'कागदी प्लेट्स, बर्फ' लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर भार नको, एवढाच विचार... निदान तेव्हा मला तसं वाटलं. मिलिंद प्लेट्स घेऊन आला, बर्फ घेऊन आला, आणि शिवाय एक मोठं पातेलं. गॅरेजमध्ये मला थांबवून म्हणाला, "बर्फ कोणाला देतात ते मला माहितीय. नव्याने आलेल्या बॅचलरला. माझी नोकरी गेली होती, बायको नाही."

मी काहीतरी सावरायला गेले.

"कीव करायची तर तोंडावर कर," तो म्हणाला, "एक्सेलमध्ये नको."

पातेल्यात डाळिंब्यांची उसळ होती. आम्ही सगळे फ्रोझन सोललेल्या वालांची पाकिटं आणणारे. त्याने कडवे वाल भिजवून, मोड आणून, दुपारी एकेक सोलले होते. माणसं पातेल्याभोवती उभी राहून खात होती. मी घरी गेल्यावर आधी यादी दुरुस्त केली. उसळ कायमची त्याची झाली. नोकरी सोडणं मला जमलं नसतं आणि त्याने ते कधी सुचवलंही नाही. पण कोणाकडे किती आहे यावरून कोण किती देऊ शकेल हे ठरवायची माझी सवय त्याने मोडली, तीही मैत्री न मोडता. तो गप्प बसला असता आणि हळूहळू यायचा बंद झाला असता, तर मला कारणसुद्धा कळलं नसतं.

मार्चच्या पॉटलकची यादी करायला घेतली तेव्हा ग्रुपवर मेसेज आला, स्वातीला या वेळी काही नको द्यायला, नुसती ये म्हणू. सगळ्यांनी हो म्हटलं. मीही टाइप केलं होतं... ते पुसलं आणि तिला फोन लावला.

"उसळ तुझ्याकडे लिहू?"

ती म्हणाली, "सोलायला माणूस नाही गं."

"मी येते. बुधवारी सुट्टी टाकते."

"किती जण आहेत?" तिने विचारलं.

बुधवारी तिने मला खिडकीजवळची त्याची खुर्ची दिली. मी सवयीप्रमाणे भराभर सोलायला लागले. माझ्या ताटात अर्ध्या डाळिंब्या तुटलेल्या. स्वातीने ताट आपल्याकडे ओढलं, तुटलेल्या बाजूला काढल्या आणि ते परत माझ्यापुढे सरकवलं.

"हळू सोल," ती म्हणाली. "आज आपल्याला कुठे जायचं नाहीये."