कारखान्यानं काढलेली रेसची गाडी

आईची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आई कधीच गेली, त्यामुळं शपथेची तशी भीती नाही. आणि सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे कारखान्याच्या सभेच्या दिवशी मी चौसाळ्याला लग्नात होतो. पण पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानं मला सभा सविस्तर सांगितली. तोही सभेला गेला नव्हता.

कारखाना चालू असला की साखर होते, बंद पडला की किस्से होतात. आमच्या सहकारी कारखान्याला सलग दोन हंगाम ऊस मिळाला नाही. पाऊस नाही, ऊस नाही, धुराडं थंड. आवारात किस्से साठत गेले. चालू होतं ते फक्त वर्कशॉप. कारण चेअरमनआण्णांचे चिरंजीव राजेदादा पुण्याहून शिकून आले आणि म्हणाले, "मी स्पोर्ट्स कार बनवणार. ट्रॅकवर रेसला पळेल आणि नंबरप्लेट लावून बीडलाही जाता येईल."

वर्कशॉपात मी लेथवर आणि लिंबाजी वेल्डिंगला. आण्णांनी लिंबाजीला सरळ सांगितलं होतं, गाडी रेसला उतरली तर पुढच्या गाड्याही इथंच बनतील. नाही उतरली तर वर्कशॉपला कुलूप. लिंबाजीनं लग्नानंतरची वर्षं बायकोबरोबर ऊसतोडीत काढली होती. आता कुठं पोरं एका शाळेत टिकली होती. कुलूप लागलं की परत कोयता. म्हणून तो त्या गाडीला टाका असा घालायचा, जणू पोराच्या डोक्यालाच घालतोय.

* * *

खर्च कारखान्याचा म्हटल्यावर सर्वसाधारण सभेची मंजुरी घेणं आलं. विषयपत्रिकेवर गाडीचा विषय घातला होता 'उपपदार्थ निर्मिती' म्हणून.

एक म्हातारा सभासद उठला. "उसापासून दारू होती, वीज होती, हे ऐकलंय. गाडी कशी होती?"

"प्रगती हाय, नाना. बसा खाली," आण्णा म्हणाले.

"बसतो. पण गाडीत सीटं किती?"

"दोन."

"मग संचालक मंडळ कुठं बसंल?"

आण्णा वैतागले. "ती बसायची गाडी न्हाई. पळायची गाडी हाय."

मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मग तर मंडळाला लागंलच."

हशा व्हायच्या आत सगळे संचालक 'मंजूर, मंजूर' म्हणाले.

* * *

आता पळवायची कुठं? कारखान्यामागं पाझर तलाव आहे. तलाव म्हणजे कागदावर. तळ इतका कोरडा की राजेदादा बघून खूश झाले. "असा सपाट ट्रॅक फॉरेनला मिळत नाही," म्हणाले. दुष्काळाचं एवढं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

चुन्याच्या फक्कीनं ट्रॅक आखायला घेतला तर रंगनाथबप्पा काठी टेकत तळात उतरले. तलावात त्यांचं रान गेलेलं.

"हितं माझा बांध होता," बप्पा म्हणाले. "पाण्यासाठी म्हणून घेतला."

"कुठं? नेमका दाखवा," दादा म्हणाले.

बप्पांना वाटलं, आता तरी कुणी विचारलं. त्यांनी बांध पावलांनी चालून दाखवला. दादांनी तिथंच ट्रॅकचं वळण ठेवलं. ओळखायला सोपं म्हणे.

मग रोज गाडी पळायला लागली की बप्पा काठावर येऊन बसायचे. गाडी त्या वळणावरून आत शिरली की शेजारच्याला सांगायचे, "बघ बे. पिकातून चालली."

* * *

नंबरप्लेटसाठी परिवहनचे साहेब आले. गाडीभोवती फिरले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला. मग आत बसून गिअर चाचपत राहिले.

"रिव्हर्स कुठंय?"

"काढला, सर," दादा म्हणाले. "वजन वाचतं. रेसमध्ये कुणी मागं जात नाही."

साहेब आमच्याच भागातले. ते म्हणाले, "अहो, आपल्याकडं अरुंद रस्त्याला समोरून टँकर आला की सगळ्यांनाच मागं जावं लागतं. मागून बायका घागरी घेऊन पळत येतात."

रिव्हर्स परत बसवला.

* * *

आता गाडी कायद्यानं रस्त्यावर. पण पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि रस्ता आपला. नेकनूरकडं निघालो तेव्हा पुढं दादा गाडीत, मागं जीपमध्ये आम्ही चौघं. गतिरोधक आला की आम्ही उतरायचं, गाडी उचलायची, पलीकडं ठेवायची. की दादा झूम करून पुढं.

एका टपरीपुढं आम्ही गाडी उचललेली असताना चहा पिणारे एक मामा उठून आले. "बंद पडली का रे?"

"न्हाई मामा," घामाघूम लिंबाजी म्हणाला. "चालू हाय."

"मग उचलली कावून?"

"नवीन हाय."

* * *

दादांना वेड एकच, वजन. ज्या गटात उतरायचं होतं त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जड गाडी चालत नव्हती. दारांचं अस्तर काढलं, पट्ट्यांना भोकं पाडली. दर शनिवारी गाडी आमच्या उसाच्या वजनकाट्यावर जायची, आणि दरवेळी काटा दादांच्या अंदाजापेक्षा कमी दाखवायचा.

"लिंबाजी, तुझ्या हातात जादू आहे," दादा म्हणायचे.

लिंबाजी खाली बघायचा. बाहेरच्या काट्यावर मोजलेली उसाची ट्रॉली आमच्या काट्यावर आली की रोडावते, हे आवारात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त दादांना. ते त्याच पैशावर पुण्यात शिकत होते.

मी लिंबाजीला म्हणलं, "सांगून टाक बे."

"सांगितलं तर आजच कुलूप. आन् काटे समदे सारखेच असत्यात. तिकडचाबी तसलाच असंल."

दक्षिणेतल्या ट्रॅकवर आम्ही गाडी घेऊन गेलो. आण्णा, संचालक मंडळ, आणि मागं हौसेनं आलेले ऊस घालणारे सभासद. तिथल्या काट्यावर गाडी चढली आणि आमच्या काट्यापेक्षा क्विंटलभर जास्त, म्हणजे मर्यादेच्या वर भरली.

"तुमचा काटा चुकीचा आहे," दादा म्हणाले.

तिथल्या अधिकाऱ्यानं शिक्क्याची वजनं ठेवून दाखवली. काटा बरोबर. मग हिंदीत म्हणाला, "तुमच्याकडचा काटा चुकला असेल तर तेवढं लिहून द्या, मी वरच्या गटात उतरवतो. तो बरोबर असेल, तर तुम्ही वजन खोटं सांगितलं. गाडी बाद."

दादांनी आण्णांकडं बघितलं. लिंबाजीनं आण्णांकडं बघितलं. मागून सगळ्या सभासदांनी आण्णांकडं बघितलं.

आण्णा म्हणाले, "हमारा काटा बराबर है."

"मग इथं येऊन वजन वाढलं कसं?"

आण्णा लिंबाजीकडं वळले. "सांग की रे. जोडली तू हायस."

लिंबाजीनं गाडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "साब, दुष्काळ का गाडी है. इधर आके पानी पिया होगा."

गाडी बाद झाली. दसऱ्यानंतर लिंबाजी बायकोपोरांना घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढला. तिकडं मजुरी टनावर मिळते, आणि टन कारखान्याच्या काट्यावर मोजतात.

यात खोटं एवढंच, की ते पाणी पिल्याचं वाक्य माझं आहे. लिंबाजी तिथं काहीच बोलला नाही.