मुकुंदकडे केग आहे!

घरी बिअर बनवणाऱ्यांकडची बिअर संपते, किस्से मात्र संपत नाहीत. आमच्या नेदरलँड्समधल्या ग्रुपमध्ये तर बाटलीगणिक एक किस्सा निघतो. त्यातल्या बहुतेकांत मुकुंद आहे, आणि मुकुंदवर मी जळते. एकदा सांगून टाकलं, आता लपवायला नको!

मी अनघा. लायडनच्या एका बायोटेक कंपनीत यीस्ट वाढवते आणि घरी येऊन पुन्हा तेच करते. मुकुंद माझा पुण्याचा कॉलेजमित्र, ब्रेडाला एका लॉजिस्टिक्स कंपनीत असतो. आम्ही एकाच हिवाळ्यात बिअर करायला लागलो. बिअर माझी चांगली होते. मी म्हणत नाही, सगळे म्हणतात! पण मी भरायची बाटल्यांत. त्या धुऊन धुऊन बोटांच्या मनुका व्हायच्या.

एका रविवारी अशीच बाथटबपाशी बसले होते, तेवढ्यात मुकुंदचा फोटो आला. शेजारी स्टीलचं उंच पिंप. खाली लिहिलेलं, "केग मिळाला! आता एकच भांडं घासायचं!"

मी बाटलीवरच ब्रश आपटला.

*

तो केग कुठून आला, ते ऐका. जुन्या सामानाच्या साइटवर एका आजोबांनी याच केगची जाहिरात टाकली होती. मी त्यांना शुद्ध डचमध्ये मेसेज केला होता. व्याकरण दोनदा तपासून! उत्तर नाही.

मुकुंदला डचचा गंध नाही. तो त्यांच्याकडे गेला होता टेबललॅम्प घ्यायला. शेडमध्ये केग दिसला. आजोबांनी तो जवळजवळ फुकटात दिला, वर गाडीपर्यंत उचलूनही आणला.

"तू असं बोललास तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. 'नाइस सायकल' म्हणालो."

*

शेवटी मीही एक जुना केग मिळवला. मग बिअर केगमधून वर ढकलायला गॅसचा सिलिंडर आणि नळी. नळीला डचमध्ये 'स्लांग' म्हणतात. सापालाही 'स्लांग'च म्हणतात. आमची इरा सहा वर्षांची, तिला शाळेत साप आधी शिकवला होता.

व्हिडिओ कॉलवर तिने नाशिकच्या आजीला बातमी दिली, "आजी, मम्माने स्नेक आणला! लाँगवाला!"

सासूबाई किंचाळल्या. मी धावत जाऊन फोन घेतला. "आई, साप नाही हो! नळी आहे. बिअरची."

मग सासूबाई म्हणाल्या, "साप परवडला असता."

आणि मुकुंदची आई? ती ठाण्यात सगळ्यांना सांगते, "आमच्या मुकुंदाने तिकडे कारखाना काढलाय!"

*

केग थंड ठेवायला जुना फ्रिज हवा. मी टेप घेऊन तीन दुकानं पालथी घातली. उंची मापली, रुंदी मापली. फ्रिज घरी आला, तेव्हा कळलं की तळाशी मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो. तो काही मी मापला नव्हता. केग ठेवला की दार लागेना!

माझ्या नवऱ्याने, निखिलने, दार दोनदा ढकलून पाहिलं. मग म्हणाला, "दार उघडंच ठेवलं तर? हिवाळा आहेच."

मुकुंदला शेजाऱ्याने घर सोडताना फ्रिज दिला. केग त्यात असा बसला, जणू दोघं जुळे भाऊ.

"मापला होतास?"

"नाही गं. म्हटलं, बसेल."

*

मुकुंदच्या वाढदिवसाला सगळे त्याच्या केगभोवती. नळ उघडला की अर्धा ग्लास फेस, आणि तरी लोक सेल्फी काढतायत! माझ्या बाटल्या किचनच्या ओट्यावर एकट्या उभ्या होत्या.

त्याच्या एका डच सहकाऱ्याने त्यातली एक उघडली. घोट घेतला, डोळे मिटले. "अप्रतिम! कुठल्या दुकानातून आणली?"

"कौतुक आहे, घे," निखिल कानात म्हणाला.

मी नाही घेतलं.

*

आणि हा किस्सा बिअरच्या दोन तोट्यांच्या पितळी नळाचा. साइटवर दिसला आणि मी ठरवलं, हा माझाच! 'अनघा' नावाला उत्तरं कमी येतात, म्हणून 'आन्या' नावाने बोली लावली. तर कोणी हेंक नावाच्या माणसाने लगेच माझ्याहून वरची बोली लावली. मी वाढवली, त्याने वाढवली. बोली नव्या नळाच्या किमतीला टेकली, तरी हेंक हटेना!

शेवटी नळवाल्या बाईंनीच दोघांना कळवलं, "मला कंटाळा आला. शनिवारी अ‍ॅमस्टेलव्हीनला या आणि समोरासमोर ठरवा."

शनिवारी त्यांच्या दारात पोचले, तर बेलवर मुकुंदचं बोट!

"तू इथे?"

"तू इथे?"

दार उघडलं. बाईंनी विचारलं, "हेंक?"

मुकुंदने हळूच हात वर केला.

"मग आन्या?"

मीही केला.

बाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. मुकुंद मराठीत पुटपुटला, "तुला कशाला गं नळ? तुझी बिअर लोक मागून मागून पितात. माझ्याकडे दाखवायला नळच तर आहे!"

इतके दिवस मला वाटत होतं, जळायचं काम मी एकटीच करते.

"बरं, मग घेणार कोण?" बाईंनी विचारलं.

मी डचमध्ये आणि मुकुंदने इंग्रजीत, एकाच वेळी विचारलं, "थोडं कमी नाही का होणार?"